फक्कीची रेघ



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला आपण सालोसाल चालवीत आला आहात, त्यांनी कन्हानकाठच्या या खापा गावात कोष्ट्यांच्या आणि मँगनीजच्या खाणीवर मजुरीला जाणाऱ्यांच्या घरी दिवेलागणीच्या सुमारास जाऊन, मुलीचे नाव शाळेतून काढू नका म्हणून केलेल्या विनवण्या आपल्या ओट्यावर बसून ज्यांनी ऐकल्या, अशी काही वडीलधारी मंडळी आज समोर बसलेली मला दिसत आहेत. त्या विनवण्यांमुळे ज्या मुलींचे शिक्षण टिकले, त्यांपैकी काही जणी पुढे नागपुरास, मी शारीरिक शिक्षण शिकवीत असे त्या महाविद्यालयात आल्या आणि माझ्या मैदानावर खेळल्या. म्हणून व्याख्यानाचा विषय मागविणारे पत्र आले तेव्हा संतचरित्र, ग्रामसुधारणा अशा रुळलेल्या विषयांकडे न वळता, अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षिका पॅट समिट यांची कारकीर्द, हा विषय मी कळविला; आणि चालकांनी कोणतीही शंका न काढता तो मंजूर केला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

कारकीर्द हा शब्द फारसीतून आपल्या दप्तरांत आला, आणि केलेले काम एवढाच त्याचा मूळचा अर्थ. परंतु बखरींच्या आणि सनदांच्या सहवासाने त्याला राजवटीचा डौल चढला. आपण थोरल्या माधवरावांची कारकीर्द म्हणतो, फार तर एखाद्या कर्तबगार कलेक्टराची म्हणतो. मुलींना चेंडू झेलावयास शिकविणाऱ्या बाईच्या आयुष्यास हा शब्द लावताना आपली जीभ क्षणभर अडखळते. मी तो त्याच्या मूळच्या, कष्टाच्या अर्थाने लावणार आहे.

प्रथम माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून हा विषय मला का जिव्हाळ्याचा वाटतो ते कळणार नाही. मी नोकरीवर रुजू झाले त्या पहिल्या वर्षी मुलींना मैदान सकाळी एक तासच मिळे. पुष्कळ मुली घरून नुसता चहा घेऊन निघालेल्या असत, काही चार-पाच मैल सायकल मारून येत, आणि ऑक्टोबरातल्या उन्हात एकदोघींना घेरी आली, तेव्हा माझे मन कळवळले. मी शिपायाकडून फक्कीची पिशवी मागविली आणि बास्केटबॉलच्या मैदानाच्या मध्यावर एक जाड, दुहेरी रेघ ओढली. निम्म्या मुलींनी अलीकडे खेळावे, निम्म्यांनी पलीकडे, आणि रेघ कोणीही ओलांडू नये, असा नियम घालून दिला. खाप्याकडचीच एक मुलगी होती, घरी हातमाग असलेली, धोट्यासारखी सरळ आणि झपाट्याने जाणारी. एकदा चेंडू तिच्या हातून निसटला आणि रेघेपलीकडे वीतभर जाऊन थांबला. ती धावत आली आणि रेघेवर येऊन उभी राहिली. पायांत बूट नव्हते. दोन्ही पायांचे अंगठे फक्कीत रुतले होते आणि पांढरी भुकटी घोट्यांपर्यंत उडाली होती. नुसते वाकली असती तरी चेंडू हाती आला असता. ती वाकली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात तक्रार असती तर मला बरे वाटले असते. त्यात निव्वळ आज्ञापालन होते. दयेपोटी मी ओढलेली ती रेघ तिच्या मनात किती खोल उतरली आहे, हे त्या सकाळी मला दिसले.

ही रेघ जगात पहिल्यांदा ओढणारीही एक शिक्षिकाच होती. १८९१ च्या डिसेंबरात, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात स्प्रिंगफील्ड येथील ख्रिस्ती युवकसंघाच्या शिक्षणसंस्थेत, जेम्स नायस्मिथ नावाच्या कॅनडातून आलेल्या एका शिक्षकाने, बर्फामुळे बाहेर पडू न शकणाऱ्या आपल्या अठरा विद्यार्थ्यांसाठी व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि तेरा नियमांचा एक खेळ रचला. टोपल्या गेल्या, लोखंडी कडी आली, खालचे बूड कापले गेले. दहा फुटांची ती उंची मात्र आजतागायत कायम आहे. तेथून जवळच नॉर्थॅम्प्टन येथे स्मिथ हे स्त्रियांचे महाविद्यालय होते. तेथे १८९२ च्या आरंभी सेंडा बेरेन्सन नावाची तेवीस वर्षांची शिक्षिका नेमली गेली. लिथुएनियातून आलेल्या ज्यू कुटुंबातली ही मुलगी स्वतः नाजूक प्रकृतीची. प्रकृती सुधारावी म्हणूनच ती व्यायामविद्येकडे वळली होती. नायस्मिथचा खेळ तिने वाचला, त्याच्याशी बोलली आणि आपल्या विद्यार्थिनींस शिकविला. १८९३ च्या मार्चमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या मुलींचा जाहीर सामना झाला. पुरुषांस प्रवेश नव्हता, मुली खोलीभर दाटीने उभ्या राहून ओरडत होत्या, आणि आरंभीच चेंडू वर उडविताना बेरेन्सनच्या हाताचा धक्का लागून एका संघाच्या नायिकेचा खांदा निखळला. तो जागेवर बसविण्यात आला आणि दुसरी मुलगी घेऊन खेळ सुरू झाला.

स्त्रीच्या देहास श्रम सोसत नाहीत, तिच्या मज्जातंतूंना धक्का बसतो, असे त्या काळचे डॉक्टर छातीठोकपणे सांगत. बेरेन्सनने मैदानाचे तीन भाग केले, प्रत्येक मुलीने आपल्या भागातच राहावे असे ठरविले, दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावण्यास बंदी केली, आणि तो तीन सेकंदांपेक्षा अधिक हातात ठेवण्यासही. आज आपण त्या नियमांना हसू शकतो, परंतु मी हसणार नाही. ज्या काळी मुलीने धावणे हीच अमर्यादा होती त्या काळी, रेघ ओढली म्हणून तर खेळास महाविद्यालयाच्या फाटकातून आत येण्याची परवानगी मिळाली. आपल्याकडेही पडद्याची गाडी आधी आली आणि मुलींची शाळा मागून भरली, हे जुन्या माणसांना आठवत असेल. परंतु परवान्याचा कागद कामापुरता असतो. तो भिंतीवर चौकट करून लावला की त्याचाच कायदा होतो. बेरेन्सनच्या रेघेचे असेच झाले. पुढे तीन भागांचे दोन झाले, खेळाडू सहा ठरल्या: तिघी अर्ध्यात राहून बास्केट करणाऱ्या, तिघी दुसऱ्या अर्ध्यात राहून अडविणाऱ्या. ज्या अडवीत त्यांना सबंध शालेय आयुष्यात एकदाही रिंगकडे चेंडू फेकण्याची संधी मिळत नसे. अमेरिकेतील काही संस्थानांत ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही चालू होती, आणि टेनेसी हे त्यांतलेच एक.

येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा मला द्या, कारण ते वऱ्हाडाशी निगडित आहे. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल प्रथमच पदकासाठी खेळला गेला. म्हातारा नायस्मिथ तो पाहण्यासाठी मुद्दाम गेला होता. अंतिम सामना उघड्यावर, पावसात भिजलेल्या मातीच्या मैदानावर झाला, चेंडू जमिनीवर उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडास १९ विरुद्ध ८ अशा गुणांनी हरविले. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू कबड्डीची प्रात्यक्षिके करून दाखवीत होता. १९१४ साली वैद्य बंधूंनी उभ्या केलेल्या त्या आखाड्यातली पोरे आणि टोपल्या ठोकणारा तो शिक्षक एकाच वेळी एकाच नगरीत होते, ही कल्पना मला फार प्रिय आहे. मातीत रेघ ओढून, श्वास कोंडून ती ओलांडण्यात पुरुषार्थ मानणारा खेळ आपला. आणि रेघ ओलांडू नये म्हणून मुलींस बजावणारा खेळ त्यांचा.

आता मूळ विषयाकडे येते. पॅट्रिशिया हेड हे समिटबाईंचे माहेरचे नाव. जन्म १४ जून १९५२, टेनेसीतील क्लार्क्सव्हिल येथे, तंबाखू, गवत आणि दुभत्या गाईंच्या शेतकरी घरात. वडील करडे, मितभाषी. मुलगी म्हणून कोणत्याही कामातून सूट नाही. तीन थोरल्या भावांबरोबर ती ट्रॅक्टर चालवी, गवताचे भारे बांधी, आणि रात्री काम आटोपले म्हणजे गवताच्या माळ्यावर लावलेल्या रिंगपाशी भावांशी झुंजे. क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता. तेव्हा या वडिलांनी काय केले ऐका: त्यांनी बिऱ्हाडच हलविले, जवळच्या हेन्रिएटा या खेड्यात, कारण तेथील शाळेत मुलींचा संघ होता. लेकीच्या लग्नासाठी शेत विकणारे बाप आपण पाहिले आहेत. लेकीच्या खेळासाठी घर बदलणारा बाप मी तरी या जिल्ह्यात पाहिला नाही. तरीही भावांना महाविद्यालयात खेळाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि हिचे शुल्क आईबापांना पदरचे भरावे लागले, कारण मुलींसाठी तशी शिष्यवृत्तीच नव्हती.

२३ जून १९७२ रोजी अमेरिकेत शिक्षणविषयक एक कायदा झाला. त्याचे नववे कलम मूळ इंग्रजीत अवघे ३७ शब्दांचे. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणकार्यात लिंगभेदामुळे कोणासही वगळता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. खेळाचा त्यात उल्लेखही नाही. पण त्या ३७ शब्दांचा आधार घेऊन मुलींनी हळूहळू मैदान मागितले, दिवे मागितले, प्रवासखर्च मागितला. कायद्याने दार उघडते. आत जाऊन झाडलोट करावयास मात्र कोणी तरी लागते.

ती झाडलोट अक्षरशः समिटबाईंच्या वाट्यास आली. १९७४ साली टेनेसी विद्यापीठात त्या पदव्युत्तर विद्यार्थिनी आणि साहाय्यक म्हणून आल्या, तो मुख्य प्रशिक्षिका अभ्यासरजेवर गेलेल्या. संघ यांच्याच गळ्यात पडला. वय बावीस, संघातील काही मुली जेमतेम एका वर्षाने लहान. वेतन महिना २५० डॉलर. मुलींचे गणवेश त्याच धूत, प्रवासाची गाडी त्याच हाकीत, आणि परगावी सामना असला की मुक्कामास खोली घेण्याइतकी शिल्लक नसल्यामुळे सगळ्यांनी प्रतिपक्षाच्याच व्यायामशाळेत जमिनीवर पथारी टाकावी, असेही झाले. गणवेशाचे पैसे मुलींनी डोनट नावाचे गोड वडे विकून जमविलेले. शिवाय त्यांचा स्वतःचा गुडघा दुखावलेला होता. त्याची मशागत, स्वतःचा अभ्यास आणि शिकविणे, सारे एकाच दिवसात बसवावयाचे. पहिला सामना मर्सर विद्यापीठाशी झाला आणि त्या तो ८४ विरुद्ध ८३ असा एका गुणाने हरल्या. त्याच गुडघ्यानिशी १९७६ साली माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये, जेथे स्त्रियांचा बास्केटबॉल प्रथमच खेळला गेला, त्यांनी अमेरिकेच्या संघातून रौप्यपदक मिळविले, आणि १९८४ साली लॉस एंजेलिसला प्रशिक्षिका म्हणून सुवर्णपदक.

टेनेसीतील शाळांच्या त्या सहाजणींच्या अर्ध्या मैदानी खेळास त्यांनी उघड विरोध केला. गावोगावी तो खेळ लोकप्रिय होता, आयाआज्या तोच खेळलेल्या, प्रेक्षकांस त्याची सवय. तेव्हा हा विरोध सोपा नव्हता. परंतु त्यांचे म्हणणे सरळ होते: आमच्या संस्थानातली मुलगी अर्धा खेळ शिकून येते, आणि सबंध खेळ शिकलेल्या बाहेरच्या मुली तिची जागा घेतात. सत्तरीचे दशक संपता संपता तेथील शाळांनी पूर्ण मैदानाचा पाचजणींचा खेळ स्वीकारला. १०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे हे आकडे त्यांच्या नावापुढे लिहिले जातात, ते खरेच आहेत. तथापि ज्या मुलींनी त्यांचे नावही ऐकले नसेल अशा टेनेसीतल्या खेड्यापाड्यांतल्या मुलींना रिंगपर्यंत धावत जाण्याची मोकळीक मिळाली, हे काम मला त्या आकड्यांहून मोलाचे वाटते.

त्यांच्या कडकपणाच्या कथा पुष्कळ आहेत. मुलींचा सराव त्या मुलग्यांच्या चमूशी घेत, कारण त्याहून जलद प्रतिपक्ष मिळणे शक्य नव्हते. वर्गात प्रत्येक खेळाडूने पहिल्या तीन ओळींतच बसले पाहिजे आणि विनाकारण तास बुडविला तर सामना बुडेल, हा त्यांचा दंडक. एकदा मुली आदल्या रात्री उशिरापर्यंत मौज करून आल्या असे कळताच, त्यांनी मैदानाच्या चार कोपऱ्यांत कचऱ्याची चार पिंपे ठेवविली आणि मुली ओकाऱ्या येईतो धावविल्या. मी स्पष्ट सांगते, हा प्रकार मी माझ्या मैदानावर होऊ दिला नसता, आणि कोणी तरुण शिक्षकाने त्याचे अनुकरण करू नये. पोट रिकामे असलेल्या आपल्या मुलींच्या बाबतीत तर तो अघोरीच ठरेल. परंतु त्या कडकपणाच्या दुसऱ्या टोकाला जे होते तेही पाहिले पाहिजे. ज्या ज्या खेळाडूने त्यांच्या हाताखाली आपली खेळण्याची मुदत पूर्ण केली, तिने तिने पदवी मिळविली. अडतीस वर्षांत यास अपवाद नाही. आणि या मुली त्यांना बाई किंवा मॅडम म्हणत नसत, नुसते पॅट म्हणत. दयेने त्या मुलींकडून कमी मागितले असते, आणि कमी मागणे हे पुष्कळदा कमी लेखण्याचेच सभ्य नाव असते. माझ्या दुहेरी रेघेत हेच कमी लेखणे होते, हे मला कबूल केले पाहिजे.

१९९० च्या सप्टेंबरातली एक हकिकत आहे. बाळंतपणाचे दिवस अगदी भरत आलेले असताना समिटबाई पेनसिल्व्हेनियात अ‍ॅलनटाउन येथे मिशेल मार्सिनियाक नावाच्या मुलीच्या घरी, तिने आपल्या विद्यापीठात यावे म्हणून, गेल्या. आणि तेथेच कळा सुरू झाल्या. परतीच्या विमानात वैमानिक व्हर्जिनियात उतरू या म्हणू लागला. व्हर्जिनियाने त्याच वर्षी टेनेसीस राष्ट्रीय स्पर्धेत हरविले होते. समिटबाईंनी तेथे उतरण्यास साफ नकार दिला आणि मुलगा टायलर टेनेसीतच जन्मास आला. ही हकिकत लोक हौसेने सांगतात, आणि ऐकणाऱ्यास आईच्या हट्टाचे कौतुक वाटते. माझे लक्ष मात्र त्या भेटीकडे जाते. ती मुलगी तेव्हा टेनेसीस आलीच नाही, दुसऱ्या विद्यापीठात गेली. पुढे तेथून बदलून ती टेनेसीस आली, आणि १९९६ च्या अजिंक्यपदाच्या वेळी अखेरच्या फेरीतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. आपल्या गुरुजींनीही एका एका ओट्यावर किती खेपा घातल्या, आणि कितींदा नकार घेऊन परत आले, हे येथील मंडळींस ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. टेनेसी विद्यापीठाने १९९४ साली आणि पुन्हा २००१ साली पुरुषांच्या संघाचे प्रशिक्षकपद त्यांना देऊ केले. दोन्ही वेळा त्यांनी ते नाकारले. आपल्याकडे मुलींच्या शाळेतून मुलांच्या शाळेत, मुलींच्या संघाकडून मुलांच्या संघाकडे गेलेल्या शिक्षकाचे अभिनंदन करण्याची रीत आहे; ती बढती आहे असे आपण कोणत्याही दप्तरात नमूद न करता सर्वानुमते धरून चालतो. समिटबाईंनी तो हिशेब मान्य केला नाही. २००५ साली त्यांनी आपला ८८० वा विजय मिळवून पुरुषांच्या संघाचे विख्यात प्रशिक्षक डीन स्मिथ यांना मागे टाकले, आणि विद्यापीठाने आपल्या मैदानास त्यांचे नाव दिले. पुढच्या वर्षी त्यांचे वार्षिक वेतन दहा लक्ष डॉलरांवर गेले. स्त्रियांच्या संघाच्या प्रशिक्षकास इतके वेतन त्यापूर्वी कधी मिळाले नव्हते. महिना २५० पासून तेथवर येण्यास बत्तीस वर्षे लागली.

आपल्या देशात काय आहे, असे कोणी विचारील. वाराणसीच्या दिव्या सिंह २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिला संघाच्या कर्णधार होत्या. पुढे अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात शिकत असताना तेथील महिला संघास शिकविण्याचे काम त्यांनी साहाय्यक म्हणून केले. चेन्नईच्या अनिता पॉलदुराई यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. खेळाडू आपल्याकडे आहेत. आयुष्यभर एकाच महाविद्यालयाच्या एकाच मैदानावर मुलींच्या पिढ्यांमागून पिढ्या घडविणे, हेच ज्यांचे काम आणि त्याबद्दल ज्यांना पुरते वेतन, अशा बाया आपल्याकडे फार थोड्या आहेत. बहुतेक जणी माझ्यासारख्या. दोन तास शारीरिक शिक्षणाचे, उरलेला वेळ परीक्षेची देखरेख, हजेरीपट आणि स्नेहसंमेलनाची व्यवस्था. मैदानाच्या डागडुजीसाठी मी केलेला अर्ज एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत सात वर्षे फिरला, आणि मंजूर होऊन आला त्या महिन्यात मी सेवानिवृत्त झाले.

समिटबाईंच्या अखेरच्या पर्वाविषयी मी थोडेच बोलते, कारण त्यावर अधिक बोलणे मला जमत नाही. २०११ च्या उन्हाळ्यात, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्यांना स्मृतिभ्रंशाचा आजार जडल्याचे निदान झाले. प्रत्येक मुलीची चाल, प्रत्येक सामन्यातला प्रत्येक डाव ज्यांच्या मुखोद्गत, त्यांच्याच स्मरणावर हा घाला. त्यांनी ते लपविले नाही. ऑगस्टमध्ये स्वतःच जाहीर केले आणि आणखी एक हंगाम संघाबरोबर बाकावर बसल्या. खेळाचे पुष्कळसे निर्णय हॉली वॉर्लिक घेऊ लागल्या होत्या. या वॉर्लिक १९७६ साली मूळ धावण्याच्या शिष्यवृत्तीवर टेनेसीस आलेल्या, समिटबाईंच्याच संघात खेळलेल्या आणि १९८५ पासून त्यांच्या साहाय्यक असलेल्या.

एप्रिल २०१२ मध्ये समिटबाईंनी पद सोडले. त्या वेळी वार्ताहरांच्या समोर त्यांनी आपली शिट्टी काढली आणि वॉर्लिकच्या स्वाधीन केली.